‘चला’ म्हटलं की पेन बंद

आमच्या कंपनीत पूर्वी मीटिंगच्या नोट्स हिशेबनीस लिहायचा. माणूस गुणी, पण लिहिण्याची हौस दांडगी. ‘सदर विषयावर सखोल व साधकबाधक चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.’ आता ही कार्यवाही कसली, कोणी करायची आणि कधी, ते देवाला ठाऊक. हे सगळं तो टाइप करून सगळ्यांना मेल करायचा आणि कोणीही ते उघडायचं नाही. मेकॅनिक मंडळींसाठी एक प्रत बोर्डावर लागायची. येता-जाता तिला ग्रीसचे हात पुसणारे लोक मी स्वतः पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर त्या कागदाची तेवढीच लायकी होती.

आम्ही लिफ्टवाले. जुन्या इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे देखभालीला असतात. मी स्टोअर सांभाळतो, म्हणजे वायर, बेअरिंग, बटणं, स्प्रिंगा यांच्या ढिगात बसून ‘आलं नाही अजून’ हे एकच वाक्य दिवसभर म्हणतो. रोज सकाळी मेकॅनिक बाहेर पडण्याआधी साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग असते. साहेब, सुपरवायझर, विक्रीवाला, मी आणि नोट्स घेणारा. मेकॅनिक या मीटिंगला नसतात. ते खाली आवारात चहा पीत उभे असतात आणि वर त्यांचा दिवस ठरतो.

हिशेबनीस दुसरीकडे गेला आणि ते काम बाईंच्या गळ्यात पडलं. बाई तोवर तक्रारींचा फोन घ्यायच्या. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस फोनवर काय काय बोलतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. कोणी शिव्या देतं, कोणी रडतं, एकाने तर आतूनच बाईंना आपलं मृत्युपत्र सांगायला घेतलं होतं. बाई शांतपणे विचारायच्या, “कुठल्या मजल्यावर आहात? आत किती जण? दिवा चालू आहे का?” वर्षानुवर्षं हेच तीन प्रश्न विचारून त्यांना एक सवय जडली होती. समोरचा काहीही बोलो, त्यातून कामाचं तेवढं काढून घ्यायचं.

पहिल्याच मीटिंगला साहेब म्हणाले, “त्या बँकेच्या लिफ्टचं बघू आपण.”

बाईंनी मान वर केली. “कोण बघणार?”

“आपण बघू ना.”

“आपण म्हणजे कोण, साहेब? मला लिहायचंय.”

साहेबांनी सुपरवायझरकडे पाहिलं, सुपरवायझरने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. बाई पेन धरून बसून राहिल्या. शेवटी सुपरवायझर म्हणाला, “मी जातो.” “कधी?” “आज.” बाईंनी लिहिलं. त्या दिवसापासून आमच्या मीटिंगमध्ये ‘बघू’ म्हणायची चोरी झाली. साहेबांना याचा राग यायचा. पण कामं होत होती, तेव्हा राग गिळण्यावाचून त्यांना इलाज नव्हता.

आवाजाची भानगड नंतरची. एका म्हाताऱ्या मेकॅनिकचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून बाईंनी त्या दिवशीची नोट फोनवर बोलून, रेकॉर्ड करून त्याला पाठवली. दुसऱ्या दिवशी चष्मा असूनही त्याने तेच मागितलं. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. बाई मीटिंग संपली की आपल्या टेबलाशी बसायच्या, फोन तोंडाशी धरायच्या आणि एका दमात सांगायच्या. कोण कुठे जाणार, काय करणार, लिफ्ट किती वाजेपर्यंत बंद, कुठला पार्ट मिळेल, कुठला मिळणार नाही. शेवटी म्हणायच्या, “एवढंच.” खाली आवारात सगळ्यांच्या फोनमधून तोच आवाज पुढेमागे वाजायचा. किंचित नाकातला, सरळ, लाडीगोडी नसलेला. मंडळी त्यांना ‘रेडिओबाई’ म्हणू लागली. त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणायची. त्या हसायच्या.

आणि मेकॅनिकांचा नियम असा होऊन बसला की रेडिओवर आलं ते खरं. सुपरवायझरने तोंडी काही सांगितलं तर म्हणायचे, “रेडिओवर येऊ दे, मग करतो.” यात गंमत होती तशी एक खोटही होती. ती मला तेव्हा दिसली नाही आणि कोणालाच दिसली नाही. आम्ही एकमेकांना सांगणंच सोडून दिलं होतं. बाई लिहितात ना, मग झालं.

याच मेकॅनिकांत बाईंचा धाकटा दीर होता. उंचीला बेताचा, म्हणून सगळे त्याला टिंगू म्हणायचे. बाई लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हा शाळेत जायचा आणि पाढे पाठ न करता आईच्या हातचा मार खायचा. बाईंनीच त्याला पाढे शिकवले, बाईंनीच त्याला आमच्याकडे चिकटवला. बाईंचे यजमान शिंपी. दिवसभर मशीनवर वाकलेला आणि जवळजवळ मुका माणूस. त्यांचं बोलणं ऐकायला मिळालं तर लोक तारीख लक्षात ठेवतात. त्यामुळे घरातली जी काही बडबड होती ती या वहिनी-दिरांची. तो त्यांना ‘तू’ म्हणायचा, त्या मात्र त्याला सगळ्यांसमोर ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’. “भाऊजी, डबा विसरलात,” असं आवारात सगळ्यांदेखत म्हणायच्या आणि तो लाजायचा. टिंगूच्या उंचीचा कंपनीला उपयोग होता. लिफ्टच्या विहिरीच्या तळाशी एक खड्डा असतो, त्यात काम करायला आखूड माणूस बरा पडतो. त्यामुळे खड्ड्याचं काम निघालं की टिंगूच.

आता नियमाचं सांगतो. आमचे साहेब मीटिंग संपली की खुर्ची मागे सारून “चला” म्हणतात. सगळे उठतात. पण साहेबांचा खरा स्वभाव असा की खुर्चीत बसून जे ठरत नाही ते त्यांचं दारात ठरतं. एक हात दाराच्या मुठीवर, दुसऱ्या हातात फोन, आणि “हां, बरं आठवलं” म्हणत ते अर्धी मीटिंग पुन्हा घेतात. एकदा त्यांनी असंच दारात विक्रीवाल्याला सांगितलं की त्या हॉटेलवाल्याला म्हणावं पार्ट निघालाय. पार्ट निघालेला नव्हता. बाईंनी सवयीने तेही टिपलं आणि तितक्याच सरळ आवाजात रेडिओवर सांगितलं, “पार्ट निघालेला नाही, पण निघालाय असं सांगायचं आहे.” मेकॅनिकने ती नोट हॉटेलच्या मालकासमोरच मोठ्याने वाजवली. पुढे काय झालं ते सांगायला नको. मी स्टोअरमध्ये जाऊन दार लावून हसलो.

साहेब हसले नाहीत. त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर झापलं. “मी ‘चला’ म्हटलं की तुमचं पेन बंद. दारातलं बोलणं मीटिंगमध्ये येत नाही. समजलं?” बाई म्हणाल्या, “समजलं.” त्यानंतर ‘चला’ हा शब्द आला की त्यांच्या पेनचं टोपण टक् करून लागायचं. एकदाही चुकलं नाही.

त्या दिवशी मीटिंगमध्ये रुग्णालयाचा विषय होता. चार मजली जुनं रुग्णालय, तिथल्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपत होतं आणि तळाची मोठी स्प्रिंग गंजून गेली होती. ती बदलायची. टिंगू जाणार. त्याच्या जोडीदाराला दुसरीकडच्या बिघाडावर जायचं होतं, म्हणून हा एकटाच. खड्ड्यातलं लाल बटण, जे दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही, ते पाण्याने बाद झालं होतं आणि नवीन माझ्याकडे आलेलं नव्हतं. मी ते सांगितलं, बाईंनी लिहिलं. म्हणून ठरलं की गच्चीवरच्या मशीनरूममधून मेन स्विच पाडून वीजच बंद करायची, तिथे ‘काम चालू आहे’ची पाटी लावायची आणि लिफ्ट चार वाजेपर्यंत बंद. कोणाला काही शंका नव्हती. साहेब “चला” म्हणाले. टोपण टक् झालं.

आम्ही उठलो, आणि दारात साहेबांचा फोन वाजला. रुग्णालयाचे व्यवस्थापक होते. दुपारी एका रुग्णाला स्ट्रेचरवरून वरच्या मजल्यावर न्यायचं होतं, चारपर्यंत थांबता येणार नव्हतं. साहेब मुठीवर हात ठेवून म्हणाले, “काही काळजी करू नका. दोनला चालू करा. तुमच्याच इलेक्ट्रिशियनला सांगा मेन वर करायला, आमची पाटी असेल तर काढून टाका म्हणावं. आमचा माणूस तोवर मोकळा होईल.”

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “साहेब, हे घेऊ का नोटमध्ये?” साहेबांनी फोन कानाशी धरूनच हात हलवला, माशी उडवावी तसा, आणि म्हणाले, “नंतर, नंतर.” तसेच बोलत बोलत ते जिना उतरून गेले आणि गाडी काढून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका ग्राहकाकडे निघाले.

बाई टेबलाशी बसल्या. नोट बोलल्या. “रुग्णालय. खड्ड्याचं काम. लाल बटण चालत नाही, भरवसा ठेवू नका. मेन पाडून पाटी लावायची. लिफ्ट चारपर्यंत बंद. एवढंच.” मला वाटलं साहेब टिंगूला स्वतः फोन करणार. बाईंना वाटलं साहेबांनी ‘नंतर’ म्हटलंय म्हणजे ते नंतर सांगणार. साहेबांना वाटलं बाई लिहितातच.

जेवणाच्या सुट्टीत, दीडच्या सुमारास, बाईंनी डबा उघडला आणि तसाच ठेवला. माझा घास चालू होता. त्या म्हणाल्या, “स्टोअरवाले भाऊ, साहेबांनी भाऊजींना दोनचं सांगितलं असेल ना हो?”

“सांगितलं असेल की.”

“मग भाऊजींनी मला फोन केला असता. नोटपेक्षा वेगळं काही कानावर आलं की ते मला विचारल्याशिवाय राहत नाहीत.”

 बाईंनी टिंगूला फोन लावला. वाजत राहिला. खड्ड्यात उतरताना फोन वर पिशवीत ठेवतात, तळाशी रेंज नसते. मग त्यांनी साहेबांना लावला आणि मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

“साहेब, तुम्ही भाऊजींना दोनचं सांगितलंत का?”

“मी? तुम्ही नोटमध्ये टाकलं असेल ना.”

“दारातलं मी घेत नाही, साहेब.”

 साहेब इतक्या हलक्या आवाजात बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. “नोटमध्ये काय गेलंय?”

“चार.”

साहेब काही न बोलता फोन ठेवून रुग्णालयाला लावायला लागले असणार, कारण आम्हीही लावला तर लाइन व्यस्त. पुन्हा लावला तर ऑपरेटर म्हणाली, व्यवस्थापक साहेब मीटिंगमध्ये आहेत, निरोप असेल तर सांगा. माझं डोकं सणकलं. मी बाईंच्या हातातून फोन घेऊन ओरडलो, “निरोप असा आहे की लिफ्टखाली माणूस आहे! तुमच्या इलेक्ट्रिशियनला गाठा!” ती म्हणाली, “जरा हळू बोला, हे रुग्णालय आहे,” आणि कुठे जोडून दिलं कोण जाणे, तिथे नुसती घंटी वाजत राहिली.

माझी स्कूटर एरवी पहिल्या किकला चालू झाली तर मी पेढे वाटावेत अशी. त्या दिवशी झाली. रुग्णालय लांब नाही, पण मधला रस्ता दुपारचा, शाळेच्या बसगाड्यांनी तुंबलेला. मी फुटपाथवरून घातली. एक म्हातारी मला ‘गाढवा’ म्हणाली, बरोबरच म्हणाली. बाई माझ्या मागे बसल्या होत्या. माझ्या शर्टाची पाठ त्यांनी मुठीत धरली होती, एवढंच मला कळत होतं. मला सारखं एकच दिसत होतं. ती लिफ्ट वीज आली की आधी आपोआप तळमजल्यावर येते, जुन्या बनावटीच्या येतातच. आणि ती तळमजल्याला आली की खाली खड्ड्यात उरते ती जागा एखाद्या ट्रंकेएवढी. तिथे टिंगूसुद्धा मावत नाही.

दारातल्या वॉचमनला विचारलं, इलेक्ट्रिशियन कुठाय? “आत्ताच वर गेला, गच्चीवर.” “तू पळ ना वर!” “मला दार सोडता येत नाही.” त्याला शिव्या घालायला वेळ नव्हता. खड्ड्यात उतरायला या इमारतीत तळघरातून एक बुटकं दार आहे, बाई त्या जिन्याकडे धावल्या. मी वरच्या जिन्याने निघालो.

माझं वजन मी सांगत नाही. चार मजले चढणं हा माझ्यासाठी सरळसरळ आत्मघात. दुसऱ्या मजल्यावर छातीत भाता चालू झाला. तिथेच कोणीतरी औषधांची ट्रॉली आडवी घातली होती, मी ती ढकलून दिली, मागे काहीतरी फुटलं. तिसऱ्या मजल्यावर मी “थांबव! मेन नको!” असं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना, नुसती हवा निघाली. आणि मी कठड्याला धरून उभा असताना शेजारच्या भिंतीआडून मला तो आवाज ऐकू आला. आधी खट्. मग गुंऽऽ अशी मोटर. मग दोर ताणल्याचा करकर आवाज. आयुष्य या आवाजात गेलंय माझं, त्यात चूक होणं शक्य नाही. लिफ्ट खाली निघाली होती.

 मी पायरीवर बसलोच. लिफ्ट माझ्या शेजारून उतरत गेली, तिसरा, दुसरा, पहिला. खाली कुठेतरी ती टेकली आणि मोटर थांबली. खालून काहीच आवाज आला नाही. ओरडणं नाही, रडणं नाही. वरून इलेक्ट्रिशियन शीळ घालत उतरत आला, हातात आमची पाटी. माझ्याकडे पाहून म्हणाला, “काका, लिफ्ट चालू झाली, आता जिना कशाला चढताय?” मी त्याच्या हातातली पाटी हिसकावून घेतली.  भिंतीचा आधार घेत मुद्दाम हळू उतरलो, कारण खाली काय दिसणार ते मला पाहायचं नव्हतं.

तळघरात अर्धवट उजेड. बुटकं दार उघडं. त्याच्या समोर ओल्या फरशीवर बाई फतकल मारून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, हातात पाना घट्ट धरलेला टिंगू. पुरा. दोन हात, दोन पाय, डोकं जागच्या जागी. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच पाटी टाकून रडलो. म्हातारा माणूस, पोरासारखा रडलो. रडू द्या.

काय झालं ते टिंगूनेच सांगितलं. तो वाकून नट आवळत होता. दारातून बाईंचं डोकं आत आलं. “भाऊजी, बाहेर या. लगेच.” हा म्हणाला, “आलो, नट अर्धा आहे.” “आत्ता या. लिफ्ट चालू होतेय.” आणि हा हसला. म्हणाला, “वहिनी, चारपर्यंत बंद आहे. तूच तर सकाळी सांगितलंस.”

“मी तिला तेच परत परत सांगत होतो,” टिंगू म्हणाला. “अगं, रेडिओवर चार आहे. ही म्हणतेय या, मी म्हणतोय चार. मग ही ओरडली, ‘मेल्या, बाहेर नीघ!’ वहिनीच्या तोंडून मी आजवर साधा ‘गप्प बस’ ऐकलेला नाही. म्हटलं, काहीतरी पेटलंय. डोकं बाहेर काढलं, हिने कॉलर धरून ओढलं. पाय बाहेर आला आणि मागे लिफ्ट खाली आली.”

तो हे हसत हसतच सांगत होता, पण पाना सोडत नव्हता. बोटं पांढरी पडली होती. बाईंनी एकेक बोट सोडवून तो पाना काढून घेतला.

“दुसऱ्या कोणी दिवसभर ओरडलं असतं तरी नसतो निघालो,” टिंगू म्हणाला. “नोट तुझी होती ना.”

तेव्हा बाईंचा चेहरा मी पाहिला. एवढा वेळ त्या घाबरलेल्या होत्या, ते वेगळं. आता त्यांना कळलं होतं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, हा माझ्या आवाजाने मेला असता. साहेबांनी ठरवलं आणि मी मारलं असतं.” मी म्हणालो, “असं काय बोलता बाई, तुमची काय चूक, तुम्ही तर विचारलं होतं.” त्या म्हणाल्या, “विचारलं. त्यांनी ‘नंतर’ म्हटलं आणि मी टोपण लावून बसले. मला माहीत होतं, आणि मी चार सांगितलं.”  

साहेब आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती, गाडीत कॉलर सैल करून पुन्हा लावली असावी. टिंगूला पाहून त्यांनी आधी भिंतीला हात टेकला. साहेब वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला बरं पडलं असतं, मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. ते टिंगूच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले, आणि मग, जन्माची सवय, बाईंना म्हणाले, “तरी हे नोटमध्ये यायला हवं होतं.”

 बाई मात्र चिडल्या नाहीत. उठल्या, ओला झालेला पदर पिळला आणि दिराला म्हणाल्या, “चला भाऊजी, घरी.”

त्या रात्री घरात काय झालं ते मला टिंगूकडून कळलं. शिंपीदादांनी सगळं ऐकून घेतलं, मशीन बंद केलं आणि धाकट्या भावाच्या ताटात स्वतः वाढलं. बाई म्हणाल्या, उद्या जाऊ नका. टिंगू म्हणाला, “स्प्रिंग अर्धी लावून आलोय वहिनी. त्या अर्ध्या स्प्रिंगवर लोक वरखाली करतायत. मलाच जायला पाहिजे.” 

दुसऱ्या दिवशी मीटिंग नेहमीच्याच वेळेला. बाई आल्या, बसल्या, लिहिलं. कोण, कुठे, किती वाजेपर्यंत. रुग्णालयाचं राहिलेलं काम, टिंगू, सोबत जोडीदार हवाच, तेही आलं. साहेब काल घडलेल्याबद्दल दोन शब्द बोलले, सगळ्यांनी जबाबदारीने वागावं वगैरे. बाईंनी विचारलं, “सगळ्यांनी म्हणजे कोणी?” कोणी हसलं नाही.

मग त्यांनी लिहिलेला कागद साहेबांच्या पुढे सरकवला आणि त्यावर आपला फोन ठेवला.

“बोला.”

“मी?”

“लिहून मी देईन, साहेब. रोज देईन. दारातलंही लिहीन, जिन्यातलंही लिहीन. पण ठरवता तुम्ही. यापुढे आवाजही तुमचा. मला नाही जमणार आता.”

विक्रीवाला म्हणाला, “अहो बाई, पोरांना तुमच्या आवाजाची सवय आहे.”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं नाही, सरळ त्यांच्याकडेच पाहिलं. त्यांनी फोन उचलला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. बँक, सुपरवायझर, दुपारपर्यंत. हॉटेल, पार्ट आलेला नाही. बरं वाचत होते. मग रुग्णालय आलं. “टिंगू खड्ड्यात उतरेल. मेन बंद. लिफ्ट बंद राहील ती...” आणि ते थांबले.  त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

आपला स्वतःचा फोन काढून त्यांनी रुग्णालयाला लावला. व्यवस्थापकांना नव्हे, ‘मला तुमचा इलेक्ट्रिशियनच पाहिजे’ म्हणाले आणि तो येईपर्यंत धरून बसले. आम्ही सगळे बसलो होतो. तो आल्यावर साहेब म्हणाले, “आज माझा माणूस खड्ड्यात असेल. तो स्वतः वर येऊन तुला तोंड दाखवेपर्यंत मेनला हात लावायचा नाही. तुझे साहेब म्हणाले तरी नाही.” मग म्हणाले, “मी फोन केला तरी नाही. हो, मी सांगतोय तेच, मी सांगितलं तरी नाही.”

बाईंनी ते लिहून घेतलं. साहेबांनी पुन्हा बाईंचा फोन तोंडाशी धरला आणि नोट पहिल्यापासून बोलायला घेतली. त्यांचा आवाज कापत होता. खाली आवारात सगळ्यांनी तो तसाच ऐकला, टिंगूनेही, आणि मग पाना घेऊन तो कामावर निघाला.